हीटर अजून माझ्या फोनवर आहे

५ डिसेंबर

चि.,

पुढे 'सौ.' लिहायला हात गेला आणि थांबला. 'सौ.' कोर्टानं काढलं. 'चि.' कुठल्याही कोर्टाला काढता येत नाही, म्हणून तेवढं ठेवलंय.

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. तुझा जुना नंबर लागत नाही, नवा मला कोणी देणार नाही, आणि तू राहतेस कुठे हे आमच्या घरी कळू नये असं ठरलेलं आहे. राहिलं तुझं चष्म्याचं दुकान. तिथे मागच्या खोलीत बसून तू काचा घासतेस एवढं मला ठाऊक आहे, म्हणून दुकानाच्या पत्त्यावर लिहिते. घाबरू नकोस. यात मनधरणी नाही, 'झालं गेलं विसरून जा' नाही. एकच काम आहे.

जाताना तू नेलास तो फोनवरून चालणारा पांढरा हीटर वापरू नकोस.

काल फोनवर कंपनीचा निरोप आला. त्या नमुन्याचे सगळे हीटर त्यांनी परत मागवलेत. फोनवरून हुकूम गेला की म्हणे आत एक छोटा खटका पडतो, त्यानं सळ्या तापतात आणि विझतात. तो खटका झिजून चिकटून बसतो. मग फोनवर 'बंद' दिसतं, हीटरवरचा दिवासुद्धा विझतो, आणि सळ्या आपल्या तापतच राहतात. काही घरांत पडदे पेटले, एका घरात गादी पेटली. तेव्हा प्लग भिंतीतून ओढून काढायचा, हीटर कचऱ्यात टाकायचा नाही, भंगारात द्यायचा नाही, त्यांच्या केंद्रावर नेऊन द्यायचा. पैसे मिळतील किंवा नवा मिळेल.

आता तुझ्या मनात येईल, हा निरोप हिच्या फोनवर कसा? अगं, तूच तर मालक म्हणून माझा नंबर टाकला होतास. तुमचं भांडण झालं की माझ्या मुलाचा राग फोनवर निघायचा. तो ऑफिसात बसून हीटर बंद करायचा, मी इथे ओट्यापाशी उभी राहून चालू करायची. तू हसून म्हणायचीस, "हा हीटर आपल्या दोघींचा." जाताना तू त्याचं नाव त्यातून काढून टाकलंस. माझं राहिलं. विसरलीस की ठेवलंस, मी विचारत नाही.

माझी नात, ठकी, त्या हीटरसमोर फतकल मारून बसते, बाहुलीचे कपडे वाळवते. म्हणून घाई.

प्लग काढ. फोनवर किंवा बटणावर बंद केलास आणि निश्चिंत झालीस, असं करू नकोस. प्लगच काढ.

आई


११ डिसेंबर

चि.,

पत्र मिळालं असेल. उत्तर येईल अशी आशा नव्हती, पण हीटर थांबेल असं वाटलं होतं. तो थांबलेला नाही.

हे मला कसं कळतं, ते मागच्या पत्रात लिहायचं टाळलं. लपवून काय होणार! तो हीटर अजून माझ्या फोनवर आहे. तू बटण दाबून लावलास की माझ्याकडे हिरवा ठिपका उजळतो. तू गेल्यावर थंडी पडली आणि एका संध्याकाळी तो अचानक उजळला. मला आधी काही कळेना. मग कळलं. म्हणजे दोघी घरी आल्या. म्हणजे आता ठकीचे बूट दारात पडले असतील, एक इकडे एक तिकडे. पहिल्यांदा चुकून दिसलं. त्यानंतर चुकून नव्हे. मी कधी कुणाला सांगितलं नाही आणि कधी काही दाबलं नाही. नुसतं बघायची आणि फोन उलटा ठेवायची.

पण पत्र गेल्यावरही ठिपका लागला, तेव्हा माझ्यानं राहवेना. मी बंद केलं.

थोड्या वेळानं परत लागला. मी परत बंद केला. परत लागला. तू तिथे हीटरपाशी, मी इथे ओट्यापाशी, आणि मध्ये सगळं शहर. एरवी दोन बायका अशा हट्टाला पेटल्या असत्या तर हसू आलं असतं. शेवटी मीच हात मागे घेतला, कारण ठकीची छाती आठवली. थंडीत तिची ती बारीक शिट्टी वाजते ना, श्वासाबरोबर. म्हटलं, आग लागेल तेव्हा लागेल, गारठा तर आताच आहे. आणि लगेच मनात आलं, आपण हे काय बोलतोय?

मी दवाखान्याच्या धुलाईखात्यात जन्म काढला. चादरींच्या थप्प्या, इस्त्रीची यंत्रं, वाफ. तिथे नियम एकच होता: तापलेल्या यंत्रापासून नजर हलवायची नाही. कापड करपायला लागलं की आधी गोडसर वास येतो, धूर नंतर. तो वास घ्यायला माणूस तिथे उभं असावं लागतं. फोनला खोलीतला हीटर दिसतो, त्याच्यावर वाळत टाकलेला टॉवेल दिसत नाही.

मी रोज बंद करणार आहे. रागाव, शिव्या दे, पण दुसरं माझ्या हातात काही नाही.

आई


१७ डिसेंबर

चि.,

काल मी दुकानात येऊन गेले, हे तुला मालकांनी सांगितलं असेलच. मी ओरडले नाही, रडले नाही, चष्म्याच्या चौकटी बघत उभी राहिले आणि माझी पाळी आल्यावर तुझं नाव घेतलं. मालकांचा चेहरा बदलला.

"तुम्ही कोण?"

मी सांगितलं.

"बाई, तिनं स्पष्ट बजावलंय. त्या घरातलं कोणी आलं तर आत सोडायचं नाही."

"सोडू नका. एवढा कागद तिला द्या."

त्यांनी कंपनीचा कागद वाचला. भले माणूस आहेत, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, "तुमची पत्रं ती उघडत नाही. पाकिटावर ते आडनाव दिसलं की तशीच वकिलीणबाईंकडे देते. मी तोंडी सांगतो. पण ऐकेल याची खात्री नाही. त्या घरातून आलेली कुठलीच गोष्ट ती हातात धरत नाही."

मागच्या खोलीत यंत्र फिरल्याचा आवाज येत होता. काचेवर काच घासल्याचा. ती तूच होतीस ना? मध्ये नुसता पडदा होता. मी हाक मारली नाही. मारली असती तर यंत्र थांबलं असतं आणि तू मागच्या दारानं निघून गेली असतीस. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पिणारच. मी मालकांना माझा नंबर लिहून दिला आणि आले.

घरी आल्यावर कंपनीला फोन लावला. गाणं ऐकवलं, मग पुन्हा गाणं ऐकवलं, मग एक मुलगी आली. आवाजावरून तुझ्यापेक्षा लहान. मी तिला म्हटलं, "हीटर माझ्याकडे नाही. जिच्याकडे आहे तिचा पत्ता माझ्याकडे नाही. तुम्ही तिथून तो कायमचा बंद करा."

"तसं आम्हाला करता येत नाही, मॅडम. आपण मालक आहात. आपण उपकरण केंद्रावर आणा."

"अगं, उपकरण माझ्याकडे असतं तर तुला फोन कशाला केला असता?"

"मी आपली अडचण समजू शकते, मॅडम."

मी म्हटलं, बरं. सध्या मी रोज संध्याकाळी माझ्या फोनवरून तो बंद करते, मग त्या परत लावतात, मग मी परत बंद करते, एवढं तरी बरोबर आहे ना? आता कागदावरचं वाचत नव्हती, स्वतःच्या शब्दांत बोलली. "नका करू, आजी. खटका जितक्या वेळा पडतो तितका झिजतो. बिघाड आहे तो तोच. सारखं चालू-बंद केलं तर लवकर चिकटेल. प्लग काढणं हा एकच उपाय आहे."

मी फोन ठेवला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात ना, ते हे. पोरीला वाचवायला म्हणून मी रोज जे दाबत होते, त्यानंच तो खटका झिजवत होते.

आता हात लावणार नाही.

आई


२० डिसेंबर

चि.,

हात लावला नाही. फक्त बघते. आज तो दुपारीच लागला. तू या वेळी कामावर असतेस. मग घरी कोण? ठकी आजारी आहे का? शाळेत गेली नाही का? तिला एकटी ठेवून तू कुठे जाणार नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे. तरी विचारते. उत्तर येणार नाही हे माहीत असूनही विचारते.

फोनवर नुसतं 'चालू' एवढंच लिहून येतं.


२८ डिसेंबर

चि.,

चार दिवसांपूर्वी तुझ्या वकिलीणबाईंची नोटीस आली. त्याच्या नावानं. "आपण दूरनियंत्रणाद्वारे माझ्या अशिलाच्या राहत्या घरातील हीटर वारंवार बंद करून तिला व अज्ञान मुलीला थंडीत त्रास देत आहात." दोनदा वाचली तेव्हा अर्थ लागला. तुला वाटलं, नाव काढलं तरी कसंतरी करून तोच करतोय.

वाटणारच. दुसरं काय वाटेल? लांडगा आला रे आला, तशातली गत. वर्षभर त्यानं हेच केलं, आणि आता खरंच त्यानं केलं नाही, तर कोण मानेल?

तो स्वयंपाकघरात आला, कागद माझ्यासमोर धरला. चेहरा लाल.

"हे बघ! मी काय करणार होतो त्या हीटरचं? माझ्याकडे तो आहे तरी का? चोर सोडून संन्याशाला सुळी!"

मी भाजी चिरत होते. चिरत राहिले असते तर बरं झालं असतं. पण तो माझा मुलगा आहे. मी म्हटलं, "तू नाहीस. मी बंद करत होते." आणि कंपनीचा निरोप दाखवला.

तो खाली बसला. निरोप पूर्ण वाचला. ठकीचा विचार त्याच्या मनात आला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, ते तुला सांगायला हवं. तो म्हणाला, "हे तिला कळायलाच पाहिजे." मग म्हणाला, "पण मी कळवलं तर उद्या म्हणतील धमकी दिली. हीटर पेटेल म्हणून घाबरवलं." वकिलाला फोन केला, तर वकीलही तेच म्हणाला. गप्प बसा, कागद येऊ द्या, कागदाला कागदानं उत्तर देऊ. ठकीच्या ताब्याबद्दल कोर्टाची तारीख कधीची आहे? फेब्रुवारीतली. तोवर थंडी संपून जाईल.

रविवारी तो ठकीला भेटायला जातो, तिथे कोर्टानं नेमलेली अधिकारीबाई शेजारी बसलेली असते. हीटरबद्दल पोरीला विचारलं तर घरातली माहिती काढतोय म्हणून लिहून घेतील. म्हणून तिथेही तोंड बंद.

इथपर्यंत मला त्याची दया येत होती.

मग त्यानं माझा फोन हातात घेतला आणि तो ठिपका बघितला. बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे ती घरी कधी येते ते तुला दिसतं?"

मी म्हटलं, "मला हीटर दिसतो."

"तेच ते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा घेताना सहज विचारल्यासारखं केलं. "लागला का?" परवा आल्या आल्या विचारलं. काल म्हणाला, "आज उशीर झाला वाटतं तिला. रोज एवढा उशीर करते का?" आणि मला न विचारता फोन उचलला, अंगठा त्या ठिपक्यावर नेला. दाबला नाही. नुसता वर धरला. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. तो हसला. "काय गं, मी काही करत नव्हतो."

तुला हे वाचून काय वाटेल ते मला कळतं. मलाही तेच वाटलं.

आज तो आंघोळीला गेला तेव्हा मी फोन उघडला. 'हे उपकरण काढून टाकायचे का? ही कृती मागे घेता येणार नाही.' खाली दोन चौकोन, एकात 'हो', एकात 'नको'. मनात सगळं येऊन गेलं. काढलं की त्याच्या हाती काही लागणार नाही. काढलं की उद्या तुमच्याकडे आग लागली तरी मला कळणार नाही. आणि तसंही कळून मी काय करणार होते? मी 'हो' दाबलं.

बाहेर येऊन केस पुसत म्हणाला, "फोन बघू." बघितला. "कुठे गेलं?"

"काय कुठे गेलं? मी आपली नातेवाइकांचे फोटो बघत होते. काहीतरी दाबलं गेलं वाटतं. मला मेलीला कुठे कळतं त्यातलं!"

म्हातारपणाचा एवढा एक फायदा असतो, आपल्या अडाणीपणावर कोणी शंका घेत नाही.

आता तो तुला बघू शकत नाही. मीही नाही.

आई


७ जानेवारी

चि.,

थंडी वाढली आहे. इथे खिडक्यांच्या काचांवर पाणी साचतं. मी दिवसातून चारदा फोन हातात घेते आणि काही नाही म्हणून ठेवते. परवा आगीचा बंब रस्त्यानं गेला तर मी चपला न घालता जिन्यातून खाली उतरले होते. खाली उभी राहून बघत बसले, तो कुठे वळतो. तुमचं घर कुठल्या दिशेला आहे तेही मला ठाऊक नाही, म्हणून तो कुठेही वळला असता तरी काळीज हललंच असतं.

मालकांना फोन केला. म्हणाले, "ती कामावर येते. मी सांगितलं तिला. ती काही बोलली नाही."

काही बोलली नाही म्हणजे काय धरायचं?


२२ जानेवारी

चि.,

पाकिटावर या वेळी आडनाव लिहिलेलं नाही. तू सांगितलंस तसं फक्त 'मागच्या खोलीसाठी' एवढं लिहिलंय.

झालं ते तुझ्यासमोरच झालं, मग ते लिहायचं कशाला? पण माझ्या बाजूनं काय झालं आणि तू गेल्यावर काय झालं, ते तुला माहीत नाही. तेवढ्यासाठी लिहिते.

मालकांचा फोन आला तेव्हा तो बाहेरच्या खोलीत होता. मी फोन कानाला लावून गॅलरीत गेले. मालक म्हणाले, "घाबरू नका, दोघी सुखरूप आहेत. हीटर जळला." मग म्हणाले, "मुलीचा हात भाजलाय थोडा." मी कठडा धरला. मग त्यांनी बाकीचं सांगितलं. दिवा विझलेला होता म्हणून तू बंद समजून चालत होतीस, ठकी बाहुलीचा झगा काढायला गेली आणि जाळीला हात टेकला. तू प्लग ओढलास तर तो मऊ झालेला होता. भिंतीतली खाच काळी.

शेवटी म्हणाले, "ती केंद्रावर घेऊन गेली होती, पण ते घेत नाहीत. कंपनीच्या दप्तरी तो अजून ज्याच्या नावावर आहे त्याच्या फोनवर आकडा येतो, तो सांगावा लागतो. तुम्ही याल का?"

याल का, विचारतात!

घरी सांगितलं, डोळे तपासायला जाते.

केंद्र कसलं, एक मोठी गोदामासारखी खोली. एका भिंतीला जुने पंखे, इस्त्र्या, मिक्सर, तारांची भेंडोळी. तू बाकावर बसली होतीस आणि शेजारी तो हीटर, जुन्या चादरीत गुंडाळलेला. मी दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये हीटर. तू वाळलीस. ते मी बोलले नाही. तू म्हणालीस, "पत्रं वाचली. हात भाजला त्या दिवशी रात्रभर वाचली सगळी. वकिलीणबाईंकडून मागून आणली."

मी मान हलवली.

"मालकांनी आधीच सांगितलं होतं. मला वाटलं, हीटर काढून घ्यायचा नवा डाव. एवढी थंडी असताना..."

"वाटणारच, पोरी."

"भंगारवाला नेतो म्हणाला होता. पण तो दुरुस्त करून विकेल. कुणाच्या तरी घरात जाईल."

तू अशीच आहेस. स्वतःचं जळत असताना दुसऱ्याच्या घराचा विचार.

मग त्या खिडकीवरच्या माणसानं हाक मारली. त्यानं विचारलं, मालक कोण, मी म्हटलं मी. माझ्या फोनवर आकडा आला, मी वाचून दाखवला, चष्मा असून एक अंक चुकला, तू दुरुस्त केलास. त्यानं विचारलं, "आणलाय यांनी. यांचं तुमचं नातं?"

तू अवघडलेली दिसलीस म्हणून मी झटकन म्हटलं, "शेजारी."

तू त्याच्याकडे बघत म्हणालीस, "माझ्या मुलीची आजी आहे."

त्यानं 'आजी' असं लिहिलं आणि स्क्रू काढायला घेतले. तुला ते बघायचं नव्हतं, मलाही. पण तो माणूस बोलका निघाला. आतला खटका काढून आपल्याला दाखवला, काळा मणी झालेला. "चिकटलाय बघा. फार वेळा चालू-बंद केलाय कुणीतरी."

मी बोलायला तोंड उघडलं आणि तू माझ्या मनगटावर हात ठेवलास. बोलू नका म्हणून ठेवलास की दुसऱ्या कशासाठी, मला अजून कळलेलं नाही. तेवढ्यात त्यानं पावती दिली आणि तू हात काढून घेतलास.

खरं म्हणजे मला म्हणायचं होतं की ते मी केलं. तू दर वेळी लावत होतीस, कारण मी दर वेळी बंद करत होते. मी नुसती पत्रं लिहून गप्प बसले असते तर कदाचित तो हिवाळा काढून गेला असता. कदाचित नसताही. धुलाईखात्यात कुणाचा हात भाजला तर आम्ही आधी यंत्र बंद करायचो आणि मग चूक कुणाची ते बघायचो. इथे यंत्र बंद झालं, पण चूक कुणाची ते मला ठरवता येत नाही. ठकीच्या तळहाताच्या त्या भाजण्यात माझ्या बोटाचा वाटा किती, हे मी रोज मनात मोजते आणि रोज वेगळं उत्तर येतं.

मग तू म्हणालीस, "ठकी बाहेर गाडीत आहे. मैत्रिणीपाशी." मी दाराकडे वळले. तू हलक्या आवाजात म्हणालीस, "आई, नका येऊ बाहेर."

कितीतरी दिवसांनी 'आई' म्हणालीस आणि त्याच वाक्यात 'नका येऊ'.

"तिच्या पोटात काही राहत नाही. रविवारी त्याला सांगेल, आजी भेटली म्हणून. मग तो तुम्हाला विचारणार. तुमच्या फोनवरून, तुमच्या तोंडून, कुठूनतरी माझ्यापर्यंत येणार. मला परत ते सुरू व्हायला नकोय."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

"पत्रं लिहा. आडनाव नको, 'मागच्या खोलीसाठी' एवढंच लिहा. मी उत्तर देणार नाही."

"चालेल."

तू गेलीस. आता तुला जे दिसलं नाही ते.

खिडकीवरच्या माणसानं हीटर उचलून त्या ढिगाऱ्यावर ठेवला. मी ढिगाऱ्याच्या आडून काचेच्या दारापाशी गेले. दारातून रस्ता दिसत होता, गाडीही दिसत होती. ठकी मागच्या खिडकीशी होती. केस कापलेस तिचे. कानाच्या वर कापलेत, माझ्या सासूबाईंसारखे कान आहेत तिचे, ते आता सगळे दिसतात. उजव्या हाताला पांढरी पट्टी, बोटं तेवढी बाहेर. डाव्या हातानं बिस्किट खात होती आणि पट्टीचा हात काचेवर टेकवून कसलातरी ठेका धरला होता. म्हणजे फार दुखत नसावं. दुखत असतं तर टेकवला नसता ना?

तू गाडीत बसत होतीस तेव्हा तिनं इकडे बघितलं. काचेतून, सरळ. मला वाटलं, ओळखलं. मी हात वर नेला आणि अर्ध्यातच खाली घेतला, तुला शब्द दिला होता. तिनं थोडा वेळ बघितलं, जसं रस्त्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईकडे बघतात तसं, आणि मग बिस्किटाचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. गाडी सुरू झाली.

मागून तो माणूस म्हणाला, "आजी, बाहेर जायचं दार तेच आहे. ढकला, उघडेल."

"माहीत आहे," मी म्हटलं. "थोडं थांबते."

आई